गोदाकाठचा उंबर, आणि आपण नेमके कुठले?

काठावरची

नमस्कार. बरेच दिवस या विषयावर लिहावे की नाही, हे ठरत नव्हते. लिहिताना थोडा संकोचही वाटतो आहे, कारण जे सांगायचे आहे ते फार खासगी आहे आणि ऐकणाऱ्याला कदाचित किरकोळ वाटेल.

मी मूळची नांदेड जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या एका लहान गावातली. नोकरीची चौतीस वर्षे बदल्यांवर गेली आणि निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहाखातर नाशिकला आले, त्याला आता तीन वर्षे झाली. बदलीच्या माणसाचे एक असते, की त्याला कोणत्याही गावात चार दिवसांत किराणा, दूध आणि डॉक्टर सापडतात, पण 'तुम्ही कुठल्या?' या साध्या प्रश्नाला उत्तर देताना तो अडखळतो. गावचे घर भावंडांनी विकले. मागच्या वर्षी आई गेली आणि गावाकडचा शेवटचा धागाही तुटला.

तिच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले. इथल्या पाण्यात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे आणि आईची तशी इच्छा होती. गुरुजींनी विधी नीट केला, कोणाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शेजारी आणखी पाच-सहा कुटुंबे त्याच कामासाठी ताटकळत उभी होती, आणि एखाद्या कार्यालयात अर्ज दाखल करून पोच घ्यावी तशी मी कोरड्या मनाने घरी परतले. देवळांतही हेच होते. हात जोडले जातात, पण आत काही हलत नाही.

त्यानंतर सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठाने चालायला सुरुवात केली, ती केवळ डॉक्टरांनी सांगितले म्हणून. वाटेत काठाला कललेला एक जुना उंबर आहे. त्याच्या खोडालाच फळांचे घोस लगडलेले असतात. खाली पडलेले फळ उलगडून पाहिले तर आत बारीक किड्यांची लगबग दिसते, आणि वर कुठेतरी तांबट पक्षी न थकता टुक-टुक करत असतो. जानेवारीतील एका पहाटे पाण्यावरून वाफा उठत होत्या. मी उंबराच्या मुळीवर बसले होते. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही, पण उठताना असे वाटले की आपल्याला येथे कोणीतरी ओळखते. आणि मग एकदम लक्षात आले, की लहानपणी मी ज्या पाण्यात पोहायला शिकले ते पाणी आधी इथूनच गेलेले असणार.

नकळत हात जोडले. उंबराखाली दत्त असतो असे आई म्हणायची. तेव्हा मी दत्ताला हात जोडले, झाडाला, नदीला की आईला, हे मला आजही सांगता येत नाही.

माझा प्रश्न असा आहे, की ही भक्ती म्हणायची की एकट्या पडलेल्या मनाने करून घेतलेली समजूत? आणि तुमच्यापैकी कोणाला असे आपलेपण झाडा-डोंगरांत, नदीत लाभले असेल, तर ते टिकते का?

---

गंगेवरचा_म्हातारा

ताई, सर्वप्रथम एक दुरुस्ती करतो. तुम्ही 'गोदावरी' लिहिले आहे. आम्ही जुने पंचवटीकर तिला 'गंगा' म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो. गोदावरी हे नाव शाळेच्या भूगोलात भेटले.

दुसरे असे, की तुम्ही नांदेडच्या आणि आम्ही नाशिकचे. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दर दुष्काळी वर्षी आपल्या दोन भागांत भांडण असते. घरातल्या माणसांतच अशी भांडणे होतात, तेव्हा तुमचे नाते आधीच पक्के आहे असे समजा. (हा विनोद आहे, कृपया येथे पाणीवाटपाची चर्चा सुरू करू नये.)

आता मूळ मुद्दा. १९६९ च्या पुरात मी अकरा वर्षांचा होतो. नाशिकला पूर मीटरमध्ये मोजणारी माणसे सरकारी कचेरीत असतात. आम्ही तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा बातम्या गल्लीतून फिरतात, आणि मारुती बुडाला म्हटले की सराफ बाजारातील माणसे माल वर हलवू लागतात. त्या वर्षी आमच्या घराच्या खालच्या मजल्यात पाणी होते. आजी वरच्या खिडकीत बसून नदीला चक्क शिव्या देत होती. आणि पाणी ओसरल्यावर, चिखल काढायच्याही आधी, तीच आजी खण-नारळ घेऊन नदीची ओटी भरायला गेली. मी विचारले, 'अगं, आत्ता तर तिला शिव्या देत होतीस.' ती म्हणाली, 'मग? माहेरवाशीण रागावून आली म्हणून तिला तशीच पाठवायची का?'

२००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांतही मारुतीच्या अंगावर पाणी चढताना मी पाहिले. भीती प्रत्येक वेळी वाटली. तुमच्या पहाटेच्या शांततेबद्दल मला आदर आहे, पण ज्या नदीची भीती वाटली नाही तिच्याशी ओळख अर्धीच झाली, असे माझे मत आहे.

---

मुक्त_पाखरू

वाचत आहे. फार सुंदर लिहिले आहे, ताई.

---

निफाडचा_माळी

लेख चांगला आहे, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते कडू वाटले तर राग मानू नये.

शहरातला माणूस निसर्गात जातो तो सुट्टीच्या दिवशी. आम्ही त्यातून बाहेर कधी पडतच नाही. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी झाली, की पुढचे चार महिने डोळे आभाळाला लागलेले असतात. पहाटे धुके पडले तर तुम्हाला नदीवर वाफा दिसतात आणि मला पानामागे डाऊनी रोग दिसतो. घड फुलोऱ्यात असताना पाऊस आला, की ते गळतात, कुजतात. आणि माल काढणीला आला असताना दहा मिनिटे गारा पडल्या, तर वर्ष गेले. अशा वेळी निसर्गात देव आहे असे कोणी म्हटले तर मी त्याला विचारतो, की मग हा देव माझ्या सोसायटीच्या कर्जाला जामीन राहील का?

इतके लिहून थांबणार होतो, पण खोटे बोलायचे नाही म्हणून पुढचेही सांगतो. आमच्या जुन्या विहिरीच्या थारोळ्याजवळ साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता, आहेत. शेंदूर लावलेले सात दगड, दुसरे काही नाही. वडिलांनी विहीर बुजवून शेततळे केले तेव्हा जेसीबीवाल्याला तेवढा कोपरा सोडायला लावला, आणि तिथे एक वेलाची ओळ बसली असती ती आजतागायत बसलेली नाही. मी हिशोबी माणूस आहे. त्या ओळीचे दर वर्षीचे उत्पन्न मला तोंडपाठ आहे. तरीही ते दगड हलवायला माझा हात धजत नाही आणि पहिला घड उतरवला की आधी तिथेच जातो. याला श्रद्धा म्हणतात की भीती, याचा विचार मी केलेला नाही, कारण छाटणीच्या दिवसांत त्याला वेळ नसतो.

---

त्रिरश्मी_पायथा

चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. माणसांनी नाकारलेल्याला निसर्ग जवळ करतो, नदी आणि झाड कोणाची जात विचारत नाहीत, असे आपण सहज गृहीत धरतो. नदी विचारत नाही, हे खरे आहे. तिच्या काठावर उभी असलेली माणसे विचारत असत. पाणी हा निसर्गच आहे, तरीही महाडच्या तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. आणि आपल्या याच पंचवटीत, जेथे पाच वडांच्या सावलीचे गोडवे गायले जातात, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व तो काही वर्षे चालला. आमच्या घरी या तारखा सणासारख्या पाठ असतात. त्यानंतर १९३५ साली येवल्याला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, धर्मांतराची घोषणा झाली.

म्हणून 'झाडाखाली बसले आणि आपलेपण वाटले' हे वाक्य माझ्या आजीला उच्चारता आले नसते. कोणत्या झाडाखाली, कोणाच्या हद्दीत, हे तिला आधी पाहावे लागत असे.

काठावरची ताई, तुमचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. माझाही एक आहे. मी आठवड्यातून तीनदा त्रिरश्मी डोंगर चढतो, ज्याला बहुतेक नाशिककर पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची २४ लेणी आहेत आणि त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी फिरायचे नाही, एका जागी थांबायचे, असा वर्षावासाचा नियम होता. पायऱ्या चढून वर गेल्यावर लेण्याच्या ओसरीत बसले, की पावसाची सर मैदानावरून सरकत येताना आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. दगडी बाकाची कड बसून बसून गुळगुळीत झालेली आहे, तिच्यावर हात ठेवला की इथे थांबून पाऊस पाहणारा मी पहिला नाही, हे हाताला कळते.

२०२३ साली पायथ्याच्या बुद्धस्मारकात श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावली गेली. अनुराधापूरचे झाड संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीचे. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या त्या रोपट्याला पहिल्या उन्हाळ्यात पाने किती फुटली, हे मी येता-जाता मोजत असे. आपलेपण म्हणाल तर माझे ते आहे. पण ते मला सहज मिळालेले नाही, आणि ते 'सहज मिळते' असे कोणी लिहिले की मी हटकतो.

---

काठावरची

त्रिरश्मी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या गावात नदीचे दोन घाट होते. दुसरा घाट कोणाचा, हे मी लहानपणी कधी विचारले नाही, कारण विचारण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. 'ओळखते' असे मी वर लिहिले आहे, त्या शब्दामागे हे सारे आहे याची जाणीव तुमच्यामुळे झाली. शब्द बदलत नाही, पण आता तो लिहिताना मला तितका हलका वाटणार नाही.

---

सुरगाण्याचे_गुरुजी

मी कोकणा समाजातील आहे आणि सुरगाणा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. या धाग्यावर 'निसर्ग' हा शब्द अनेकदा आला. आमच्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो कधी येत नाही. डोंगर आहे, रान आहे, ओहळ आहे, वाघदेव आहे, कणसरी म्हणजे धान्याची आई आहे. या सगळ्यांना मिळून एका नावाने हाक मारायची, तर त्यांच्यापासून दूर उभे राहावे लागते. आम्ही तसे उभे राहिलोच नाही, म्हणून शब्दही झाला नसावा.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. त्यात बसलेली माणसे, ज्यांना माऊली म्हणतात, घरदार सोडून काही दिवस व्रताने राहतात, पावरी या वाद्याच्या सुरावर रात्र-रात्र नाचतात आणि शेवटी रात्रीच्या वेळी डोंगरावरील देवाच्या ठिकाणी जातात. तिथे मूर्ती नसते. डोंगर हाच देव असल्यावर मूर्ती कशाची करणार? लहानपणी मी वडिलांबरोबर गेलो होतो. वाट अंधारी होती आणि पुढच्या माणसाच्या टाचेकडे पाहत चालायचे असते, एवढेच स्पष्ट आठवते.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात तेरा नावाची भाजी उगवते. तेऱ्याचा सण होऊन तिची पूजा झाल्याशिवाय ती कोणी तोडत नाही, मग घरात कितीही ओढ असो. माझे विद्यार्थी याला अंधश्रद्धा म्हणू लागले, कारण पुस्तकात तो धडा आहे. मी त्यांना शेतावर नेले आणि कोवळे रोप उपटून गड्डा दाखवला. तो जेमतेम हरभऱ्याएवढा होता. त्यांना पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

ताईंचा प्रश्न 'टिकते का' असा आहे. मला वाटते, ज्या जागेकडून आपल्याला काही मनाई आहे, ती जागा टिकते. नुसते बसून बरे वाटण्याची जागा दुसरीकडेही सापडते.

---

टाकेदचा_जटायू

गुरुजींच्या शेवटच्या वाक्यावर माझा सगळा आक्षेप विरघळला, तरीही लिहितो, कारण मूळ लेख वाचून थोडी चिडचिड झाली होती. पहाट, वाफा, पक्ष्याचा आवाज या गोष्टींत अध्यात्म सापडणे सोपे आहे. गिधाडात सापडते का?

मी इगतपुरी तालुक्यातला. सर्वतीर्थ टाकेद येथे जटायूने प्राण सोडले अशी श्रद्धा आहे आणि लोक भक्तिभावाने दर्शनाला येतात. त्याच काळात जटायूचे वंशज आपल्या डोक्यावरून नाहीसे झाले आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. कारण साधे होते: गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचले जात असे, ते जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध वापरण्यावर बंदी आली, तोपर्यंत देशातील बहुतेक गिधाडे संपली होती. आजही अंजनेरीच्या कड्यांवर थोडी आहेत. हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी मेलेली जनावरे ठरलेल्या जागी नेऊन टाकतात, म्हणजे गिधाडांना खायला मिळते.

त्या जागी मी एकदा थांबलो आहे. वास सहन होत नाही. पहिले गिधाड उतरते, ते लगेच खात नाही. पंख अर्धवट उघडे ठेवून बराच वेळ नुसते उभे राहते, मग दोन पावले उडी मारल्यासारखे पुढे सरकते. मानेवर पिसे नाहीत, डोळा मात्र अगदी स्वच्छ. मला तेथे शांत वगैरे काही वाटले नाही. लाज वाटली. आणि त्यानंतर आमच्या गोठ्यात डॉक्टर आले, की कोणते इंजेक्शन देता ते मी विचारतो. माझे अध्यात्म म्हणायचे तर एवढेच आहे.

---

मुक्त_पाखरू

जटायू, तुमच्या तालुक्याच्या अगदी उलट दिशेला, नांदूरमध्यमेश्वरला, मी दर हिवाळ्यात जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला म्हणून ते पाणथळ तयार झाले, म्हणजे ती जागा माणसाच्या हातची आहे. तरीही २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. चापडगावच्या मनोऱ्यावरून शेकडो वारकरी दिसतात. पक्षी हो! काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि सगळे मिळून एकाच दिशेला निघालेले. ज्याने हे नाव ठेवले त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करते.

काठावरची ताई, तुमच्या उंबराखालचे पाणी नांदेडला पोहोचण्याआधी येथे थांबते.

---

काठावरची

सर्वांचे प्रतिसाद आल्यानंतर दीड महिना मी काही लिहिले नाही. मधल्या काळात श्रावणातील तिसरा सोमवार आला आणि मी ब्रह्मगिरीची फेरी केली. छोटी, सुमारे वीस किलोमीटरची. चाळीसची मोठी फेरी या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

रविवारी रात्री त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून निघालो. अनवाणी चालायचे असल्याने डांबरी रस्ता संपून चिखल लागला तेव्हा सुटल्यासारखे झाले. पहिन्याच्या बाजूला पाऊस इतका होता की डोंगर दिसत नव्हता. ज्याला प्रदक्षिणा घालतो आहोत तो उजव्या हाताला आहे, एवढा विश्वास ठेवून माणसे चालत होती. याच डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. गोदावरी मात्र पूर्वेकडे वळून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पावसाचा एखादा थेंब कड्याच्या या अंगाला पडतो की त्या अंगाला, यावर माझे गाव वसले, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

बरोबर चालणाऱ्या एका वारकरी बाबांनी निवृत्तिनाथांची कथा सांगितली. समाजाने बाहेर काढलेले ते कुटुंब याच डोंगराला प्रदक्षिणा घालत होते. वाघ आला, पांगापांग झाली, आणि वाट चुकलेला निवृत्ती ज्या गुहेत शिरला तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. मी ही कथा लहानपणी ऐकली होती, परंतु त्यात वाघाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. त्रिरश्मींनी जे लिहिले ते मनात असल्यामुळे 'बाहेर काढलेले' या शब्दाकडेही या वेळी गेले.

गुरुजी, तुमच्या 'मनाई'वर बराच विचार केला. त्या उंबराखाली मी जात होते ते काही घेण्यासाठी. त्याचे माझ्यावर काही येणे आहे, असे मी धरलेच नव्हते. आता रोज एक पिशवी नेते. गेल्या वर्षभरात मुळांत अडकलेले निर्माल्य, प्लॅस्टिक आणि देवांच्या फुटलेल्या तसबिरी काढते. तसबिरींचे काय करावे, हे अजून कळलेले नाही; सध्या गच्चीत अकरा जमल्या आहेत आणि सून माझ्याकडे विचित्र नजरेने पाहते. पहाटेचा तो अनुभव पुन्हा आला नाही. पूर्वी त्याचे वाईट वाटले असते. परवा पिशवी विसरले, तेव्हा अर्ध्या वाटेवरून परत घरी गेले.

काल काठावर धुणे धुणाऱ्या बाईंनी विचारले, 'मावशी, तुम्ही कुठल्या?' मी म्हटले, 'गंगेच्या खालच्या अंगाच्या.' त्यांनी मान डोलावली आणि मला पिळायला चादरीचे दुसरे टोक दिले.

---

गंगेवरचा_म्हातारा

'गंगेच्या' लिहिलेत. वाचून बरे वाटले.

तसबिरी आमच्याकडे पाठवा. काचा आणि चौकटी वेगळ्या करून कागद मातीत पुरायचा, असे आम्ही चार-पाच जण करतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता पानवेली काढायला आम्ही उतरणार आहोत. हातमोजे ज्याचे त्याने आणावेत, आणि चपला नकोत, जुने बूट घालावेत. तळाला काचा असतात.

---

त्रिरश्मी_पायथा

मी येतो. नाव लिहून घ्या.

---

निफाडचा_माळी

रविवारी मजूर सांगितले आहेत, छाटणी आहे. जमणार नाही. पानवेलीचे ढीग काठावर टाकून ठेवू नका. पाऊस आला तर पुन्हा पाण्यात जातील. ट्रॉली पाठवतो, खत होईल.